चरित्रसाधनांची पारख : समर्थ रामदास आणि ग्रीक तत्त्वज्ञ

प्राचीन पुरुषाचे चरित्र लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे साधनांचा अभाव ही एकच अडचण नसते. साधने पुष्कळ असून ती परस्परांशी जुळत नाहीत, ही अडचण अधिक बिकट असते. ग्रीक तत्त्वज्ञांच्या बाबतीत युरोपातील पंडितांना तिच्याशी दीर्घकाळ झगडावे लागले. महाराष्ट्रात हीच अडचण समर्थ रामदासांच्या चरित्रात प्रकर्षाने उभी राहते, आणि तिचे क्षेत्र मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कृष्णाकाठचे आहे. चाफळ, शिंगणवाडी, सज्जनगड, मसूर, बहे, शिराळा, मिरज ही सर्व स्थाने समर्थचरित्राची साक्षीदार मानली जातात. परंतु साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते.

या दोन विषयांची सांगड घालण्यास एक ऐतिहासिक निमित्तही आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली स्थापन झाले. त्याचे प्राचार्यपद भूषविलेले गोविंद चिमणाजी भाटे यांनी १९१८ मध्येच ‘सज्जनगड व समर्थ रामदास’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून परंपरागत समर्थचरित्राची कागदपत्रांच्या आधारे चिकित्सा केली होती. याच महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेले रा. द. रानडे यांनी हेराक्लिटसादी ग्रीक तत्त्वज्ञांवर निबंध लिहिले, आणि पुढे ‘रामदासवचनामृत’ संपादून समर्थांच्या वाङ्मयाचा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने परामर्श घेतला. ग्रीक चरित्रसाधने आणि रामदासी चरित्रसाधने यांच्या तौलनिक विचाराला म्हणूनच या परिसरात एक पूर्वपीठिका आहे, असे म्हणता येईल.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : विश्वसनीयता ही संपूर्ण ग्रंथाला लावावयाची मोहोर नसून ती ग्रंथातील एकेका विधानाबाबत स्वतंत्रपणे ठरवावी लागते. ‘बखर खोटी’ आणि ‘पत्र खरे’ अशी सरसकट वाटणी करणारा अभ्यासक, सर्वच प्रमाण मानणाऱ्या भाविकाइतकाच चुकण्याचा संभव असतो.

(१) ग्रीक उदाहरणे

एफिसस येथील हेराक्लिटस हा ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमारास होऊन गेला. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही; उत्तरकालीन लेखकांनी उद्धृत केलेली शंभराहून काहीशी अधिक वचने तेवढी शिल्लक आहेत. त्याचे सर्वांत विस्तृत प्राचीन चरित्र डायोजेनीस लाएर्शियस याच्या ग्रंथाच्या नवव्या भागात आहे. हा ग्रंथ साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समजला जातो. म्हणजे नायक आणि चरित्रकार यांच्यामध्ये सातशे वर्षांचे अंतर पडते.

या चरित्रात हेराक्लिटसच्या मृत्यूची कथा येते. त्याला जलोदर झाला, अंगातील पाणी निघून जावे म्हणून त्याने स्वतःला शेणाने माखून घेतले आणि त्यातच त्याचा अंत झाला, असे सांगितले आहे. आता त्याची अवशिष्ट वचने पाहिली, तर आत्म्याचे पाणी होणे म्हणजे त्याचा मृत्यू, हा विचार त्यांत आढळतो; प्रेत हे शेणाहूनही त्याज्य आहे, असाही अभिप्राय आढळतो. मृत्युकथेची सामग्री अशा रीतीने तत्त्वज्ञाच्या स्वतःच्याच वचनांत सापडते. कथाकारांनी या वचनांवरून त्याचे मरण रचले, हा आधुनिक संशोधकांचा निष्कर्ष त्यामुळे पटण्यासारखा आहे. चरित्राने उपदेशाचे स्पष्टीकरण करावे ही अपेक्षा उलटी होऊन येथे उपदेशातूनच चरित्र निर्माण झाले आहे.

मग डायोजेनीसचा ग्रंथ टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. तो स्वतः मोठा चिकित्सक नसला तरी कोणती हकीकत कोणत्या लेखकाकडून घेतली, हे तो वारंवार सांगतो आणि एकाच घटनेचे दोन-तीन पाठ शेजारी शेजारी ठेवतो. हेराक्लिटसच्या मृत्यूचेही निरनिराळे वृत्तान्त त्याने दिले आहेत. नष्ट झालेल्या कित्येक ग्रंथांचे अवशेष त्याच्यामुळेच उरले. मात्र त्याच ग्रंथात इराणचा राजा दरायस आणि हेराक्लिटस यांचा पत्रव्यवहारही दिलेला आहे, आणि ही पत्रे बनावट आहेत याविषयी आज मतभेद नाही. थोर तत्त्वज्ञाला थोर सम्राटाने आमंत्रण द्यावे, ही कल्पना उत्तरकाळाला प्रिय होती. एकाच पुस्तकात जतन केलेली अस्सल वचने, रचलेली कथा आणि बनावट पत्रे एकत्र नांदू शकतात, हा या उदाहरणाचा पहिला बोध होय.

दुसरे उदाहरण कालगणनेचे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील कालज्ञ अपोलोडोरस याच्यापुढे अनेक तत्त्वज्ञांच्या जन्माची साल उपलब्ध नव्हती. अशा वेळी मनुष्याच्या कर्तृत्वाचा बहर चाळिसाव्या वर्षी येतो असे गृहीत धरून, एखाद्या ज्ञात घटनेवरून मागे मोजत जन्मकाळ ठरवावयाचा, अशी त्याची पद्धती होती. परिणामी पुष्कळ ग्रीक विचारवंतांच्या आयुष्यात चाळीस हा आकडा नियमाने येतो. असा आकडा म्हणजे बहुधा हिशेबाची सोय असते, स्मृती नव्हे.

तिसरे उदाहरण प्रत्यक्षदर्शीपणाचे. झेनोफन हा सॉक्रेटीसचा समकालीन आणि परिचित. तरीही आपल्या एका संवादात तो ज्या मेजवानीस आपण हजर होतो असे म्हणतो, तिचा काळ ख्रिस्तपूर्व ४२० च्या आसपासचा येतो. त्या वेळी झेनोफन लहान मूल असला पाहिजे. शिवाय ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटीसवर खटला चालला, तेव्हा तो अथेन्समध्ये नव्हता. समकालीनत्व हा मोठा गुण खरा. पण ‘मी तेथे होतो’ हे विधानही तपासूनच घ्यावे लागते.

(२) समर्थचरित्राची साधने

समर्थचरित्राची साधने काळाच्या ओघाने मांडली असता पुढील क्रम लागतो. प्रथम समर्थांचे स्वतःचे वाङ्मय. त्यांत ‘दासबोध’ प्रमुख असून वीस दशक व दोनशे समास ही त्याची रचना प्रसिद्ध आहे. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे संस्थापक शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातची प्रत मिळवून १९०५ मध्ये ती छापली. लेखक आणि प्रत यांच्यामध्ये एका साक्षात शिष्याचाच हात असावा, हे भाग्य हेराक्लिटसच्या वाट्याला आले नाही.

त्यानंतर येतात ती शिष्यमंडळींची पत्रे, मठांचे कागद, राजाज्ञा आणि सनदा. तिसऱ्या स्थानी शिष्यप्रशिष्यांच्या रचना : मिरजेच्या मठाच्या वेणाबाई आणि त्यांच्या परंपरेतील गिरिधरस्वामी, ज्यांचा ‘समर्थप्रताप’ प्रसिद्ध आहे. समर्थांच्या निर्याणानंतर लवकरच तयार झाले असे संप्रदाय मानतो ते ‘वाकेनिशी टिपण’ याच गटात घ्यावे. चौथ्या स्थानी आत्मारामकृत ‘दासविश्रामधाम’ आणि ताहराबादच्या महीपतींची संतचरित्रे, आणि अखेरीस हनुमंतस्वामींची बखर. तिची रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी, म्हणजे समर्थांच्या पश्चात सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी झाली.

या क्रमात एक गोष्ट डोळ्यांत भरते. जसजसे अंतर वाढते, तसतसा तपशीलही वाढतो. ‘दासबोधा’त समर्थ स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत, बखरीला मात्र भेटींच्या तिथी, वार आणि संभाषणेही ठाऊक असतात. निकटचा साक्षीदार थोडे जाणतो आणि दूरचा सर्व काही जाणतो, ही स्थिती चिकित्सकाला सावध करणारी आहे. पायथागोरसच्या बाबतीतही आठशे वर्षांनंतरचा इयाम्ब्लिकस त्याच्याविषयी जितके सविस्तर सांगतो, तितके ॲरिस्टॉटलच्या काळी कोणालाही माहीत नव्हते.

(३) बारा वर्षांची चौकट

परंपरेनुसार समर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे १६०८ मध्ये जांब येथे झाला. बाराव्या वर्षी, १६२० मध्ये, त्यांनी लग्नमंडपातून पलायन केले. १६३२ पर्यंत नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे पुरश्चरण केले. त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन करून १६४४ मध्ये ते कृष्णाकाठी आले. बारा, बारा आणि बारा अशी ही मांडणी आहे.

बारा वर्षांचे तप ही भारतीय परंपरेतील रूढ कल्पना आहे. अपोलोडोरसच्या चाळीस वर्षांप्रमाणेच येथेही कोणी तरी उत्तरकाली आयुष्याच्या अज्ञात भागाला एका पूज्य संख्येची चौकट बसविली असण्याची शक्यता दृष्टिआड करता येत नाही. याचा अर्थ टाकळीचे वास्तव्य वा तीर्थयात्रा कल्पित ठरते असा नाही. टाकळीला समर्थ राहिले, हे विधान एक. ते नेमके बारा वर्षे राहिले, हे विधान दुसरे. दोहोंना निरनिराळा पुरावा लागतो आणि दोहोंचे बळ सारखे नाही. लग्नमंडपातील ‘सावधान’ या शब्दाची कथाही अशीच पाहावी. जो उपदेशक पुढे आयुष्यभर सावधपणाचा पुरस्कार करतो, त्याचे आयुष्य त्याच शब्दाने पालटावे, ही रचना हेराक्लिटसच्या मृत्युकथेच्या जातीची आहे. पलायनाची घटना सत्य असूनही तिचे कारण सांगणारा शब्द उपदेशातून आलेला असू शकेल.

(४) अकरा मारुती : स्थळे आणि साले

समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी हे पाच आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात, बहे व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात आणि पारगाव व मनपाडळे हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा होईपर्यंत (१९६० पासून त्याचेच नाव सांगली) यांतील नऊ स्थाने एकाच सातारा जिल्ह्यात होती.

या अकरांची नावे एका अभंगात गुंफलेली आहेत आणि तो वेणाबाईंच्या नावावर आहे. त्यांचे कर्तृत्व मान्य केल्यास ही समर्थांच्या हयातीतील शिष्येची साक्ष ठरते. या अभंगात स्थळे आहेत, साले नाहीत. शहापूरचा शके १५६६, बहे येथील शके १५७३, शिराळ्याचा शके १५७६ अशी जी साले आज सांगितली जातात, ती निराळ्या परंपरेतून आली आहेत. देवळांतील फलकांवर मात्र स्थळ आणि साल एकाच ओळीत येतात, आणि वाचकाला दोहोंचा आधार एकच असल्याचा भास होतो. स्थळांची यादी जुनी व बळकट. सालांची यादी तिच्या मानाने दुबळी. एका ओळीतील दोन विधानांची विश्वसनीयता भिन्न असू शकते, याचे याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

बहे येथे आणखी एक प्रकार दिसतो. कृष्णेच्या पात्रातील बेटावर मारुतीने आपले बाहू पसरून महापूर अडविला, म्हणून गावाचे नाव बाहे अथवा बहे पडले, असे सांगतात. ही नावाचा उलगडा करणारी कथा आहे. नाव आधी आणि कथा नंतर, हाच अशा कथांचा सामान्य क्रम होय. तिचा उपयोग समर्थांचा काळ ठरविण्यास होत नाही, तर गावकऱ्यांनी आपल्या देवस्थानाकडे कसे पाहिले, हे समजण्यास होतो.

वास्तूंच्या साक्षीबाबतही सावधगिरी हवी. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर चाफळच्या राममंदिराचा जीर्णोद्धार झाला. आज दिसणाऱ्या बांधकामावरून सतराव्या शतकाविषयी अनुमान काढणे योग्य होणार नाही. स्थान जुने असते, मूर्ती जुनी असू शकते, भिंत मात्र नवी असते.

(५) भेटीचा वाद

समर्थचरित्रातील सर्वांत गाजलेला वाद शिवाजी महाराजांच्या भेटीच्या सालाचा आहे. संप्रदायाच्या परंपरेनुसार शके १५७१, म्हणजे १६४९ मध्ये शिंगणवाडी येथे महाराजांना अनुग्रह झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोविंद काशिनाथ चांदोरकर यांनी संप्रदायातील काही पत्रे पुढे आणली. १६५८ मधील भास्कर गोसावी यांच्या पत्रात, भिक्षेसाठी गेले असता महाराजांनी समर्थांविषयी ते कोण व कोठील अशी विचारणा केल्याचे सांगितले आहे. १६७२ मधील केशव गोसावी यांच्या पत्रावरून तेव्हाची भेट पहिलीच होती असा अर्थ निघतो. भाटे यांनी हा पक्ष स्वीकारला. देव यांनी परंपरेचा पक्ष हिरीरीने मांडला. रानडे यांच्या महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील १९३३ च्या ग्रंथातही या वादाची दखल घेतलेली आहे.

येथे पत्र श्रेष्ठ आणि बखर कनिष्ठ, एवढे म्हणून निर्णय देण्याचा मोह होतो. सामान्यतः तो नियम योग्यच आहे. घटनेच्या वेळी, व्यवहाराच्या गरजेने लिहिलेले आणि भावी वाचकाला काही पटवून देण्याचा हेतू नसलेले पत्र शतकानंतरच्या माहात्म्यग्रंथाहून अधिक वजनदार असते. परंतु दरायसची पत्रे ज्याला ठाऊक आहेत, तो पत्रालाही प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. हे पत्र मूळ आहे की नक्कल? हस्ताक्षर, कागद, मायना व मोडीचे वळण त्या काळाशी जुळते काय? ते कोणत्या दप्तरात आणि केव्हा सापडले? आणि अखेरीस, पत्रातील शब्द जेवढे सांगतात तेवढेच आपण त्यांतून काढतो, की अधिक? विचारणा केली, यावरून परिचय नव्हता असे अनुमान निघते. ते सबळ असले तरी अनुमानच आहे.

हीच कसोटी उलट बाजूसही लावली पाहिजे. चाफळच्या देवस्थानासंबंधी शके १६०० ची म्हणून जी विस्तृत सनद परंपरेचा मुख्य आधार मानली जाते, ती नकलेच्या रूपाने अभ्यासली गेली असून तिच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भास्कर गोसावींच्या पत्राला जे प्रश्न, तेच या सनदेला. आपल्या पक्षाच्या कागदाला सौम्य आणि विरुद्ध पक्षाच्या कागदाला कठोर कसोटी लावणे, हा या वादातील दोन्ही बाजूंच्या लेखनात वारंवार आढळणारा दोष होय.

काही कथने मात्र साध्या स्थळकाळाच्या कसोटीवर तपासता येतात. परळीचा किल्ला, म्हणजेच सज्जनगड, आणि सातारचा किल्ला हे दोन्ही १६७३ मध्ये स्वराज्यात आले. समर्थांच्या झोळीत राज्य अर्पण केल्याची लोकप्रिय कथा साताऱ्याच्या किल्ल्याशी जोडली जाते. ती १६७३ पूर्वी घडल्याचे सांगणारे कोणतेही कथन या एका गोष्टीपाशी अडते. झेनोफनच्या मेजवानीप्रमाणे येथेही पंचांग व नकाशा हेच उत्तम परीक्षक ठरतात. उलट, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत समर्थांचे वास्तव्य स्वराज्यातील सज्जनगडावर होते, ही गोष्ट निर्विवाद असून त्या काळातील आदरसंबंधाचा विचार तिच्या पायावर करता येतो. तेवढ्यावरून १६४९ चा अनुग्रह सिद्ध होत नाही. आणि १६४९ असिद्ध राहिल्याने अखेरचा आदरसंबंधही नाहीसा होत नाही.

(६) अंतःप्रमाण आणि तिथिगणित

‘दासबोधा’च्या सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा निर्देश आहे. कलिवर्षांतून ३१७९ वजा केले असता शके १५८१, म्हणजे इसवी सन १६५९ येते. लेखकाच्याच ग्रंथातील हा काळ फार मोलाचा आहे. तथापि तो त्या समासाचा काळ आहे. दोनशे समासांच्या संपूर्ण ग्रंथाचा नव्हे. उत्तम पुराव्यावरही त्याच्या शक्तीबाहेरचा भार घालू नये.

तिथिगणितातील एक साधी चूकही लक्षात ठेवण्याजोगी आहे. समर्थांचे निर्याण शके १६०३, माघ वद्य नवमीस झाले. शकात ७८ मिळवून अनेक ठिकाणी इसवी सन १६८१ असे छापले जाते. परंतु शक चैत्रात सुरू होतो आणि माघ येईपर्यंत इसवी सन पालटलेला असतो; म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात व साल १६८२ येते. या चुकीत बखरकाराचा काहीही दोष नाही. ती आधुनिक लेखकांची आहे आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली आहे. दहा पुस्तकांत तोच आकडा आढळला म्हणजे दहा साक्षी झाल्या असे नव्हे. दहाही पुस्तके एकाच पुस्तकाची संतती असतील, तर साक्ष एकच.

(७) समारोप

वरील विवेचनावरून उत्तरकालीन चरित्रग्रंथांचे मूल्य कमी ठरते असे समजू नये. हनुमंतस्वामींची बखर १६४९ ची साक्ष म्हणून दुबळी असेल. पण १८०० च्या सुमारास रामदासी संप्रदाय स्वतःकडे, आपल्या मूळपुरुषाकडे आणि राजसत्तेशी असलेल्या आपल्या नात्याकडे कसे पाहत होता, याची ती प्रथम प्रतीची साक्ष आहे. प्रश्न बदलला की त्याच साधनाचा दर्जा बदलतो. डायोजेनीसचा ग्रंथही हेराक्लिटसच्या मरणाविषयी अविश्वसनीय, पण उत्तरकालीन ग्रीक जगाने तत्त्वज्ञ या व्यक्तीची कोणती प्रतिमा घडविली, याविषयी अत्यंत विश्वसनीय आहे.

समर्थचरित्रात हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. हेराक्लिटसच्या मृत्युकथेवर आज कोणाची श्रद्धा अवलंबून नाही. शिंगणवाडी, चाफळ आणि सज्जनगड ही मात्र जिवंत उपासनेची स्थाने आहेत आणि भेटीच्या सालावर आजही सार्वजनिक वाद होतात. अशा विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर दोन्ही बाजूंनी दडपण येते. त्याच्या रक्षणाचा मार्ग एकच : प्रत्येक विधानापुढे ते प्रथम कोणी, केव्हा, कोठे आणि कोणत्या हेतूने केले, हे नोंदवावे, मूळ व नक्कल यांतील भेद सांगावा, आणि सिद्ध, संभाव्य व असिद्ध असे तीन वर्ग स्पष्टपणे वेगळे ठेवावेत. तिसऱ्या वर्गातील विधानाला असत्य म्हणण्याची घाई करू नये, आणि ते पहिल्या वर्गात सरकविण्याचीही करू नये. असे केल्यास त्याचे निष्कर्ष संख्येने थोडे राहतील; परंतु नवे कागद उजेडात आले, तरी त्यांतील बहुतेक निष्कर्ष टिकून राहतील.